आर्नोकाठची चिता : परक्या भूमीवरचा मृत्यू आणि मायदेशी येणाऱ्या अस्थी

#धागा #इतिहास

१/ इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिम टोकाला आर्नो नदीवर तारांनी तोललेला एक भव्य पूल आहे. तो १९७० च्या दशकात बांधला गेला. नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणसापाशी असलेला पूल’. हा हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. पुलालगतच्या कासिने उद्यानात, दगडी छत्रीखाली, रंगीत फेटा आणि दागिने ल्यालेला त्यांचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सकरांना ही जागा ठाऊक असते. महाराष्ट्रात मात्र ती फार थोड्यांना माहीत आहे.

२/ घरचे माणूस दूरदेशी निवर्तले तर त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आज दूतावासाच्या खिडकीवर सोडवला जातो. १८७० मध्ये तो एका रात्रीत, परक्या शहरात, परक्या कायद्याशी बोलणी करून सोडवावा लागला. त्या रात्रीचा आणि तिच्या आगेमागे घडलेल्या काही मृत्यूंचा हा वृत्तान्त.

३/ राजाराम महाराज १८६६ साली दत्तकविधानाने गादीवर आले. वय लहान, त्यामुळे कारभार इंग्रज पोलिटिकल एजंटच्या हाती. मे १८७० मध्ये ते विलायतेस निघाले. सत्ताधारी हिंदू राजाने समुद्र ओलांडणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. असे करणाऱ्या अगदी पहिल्या राजांपैकी ते एक होत. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी, पारशी शिक्षक जमशेटजी उनवाला आणि हिंदू सेवकवर्ग.

४/ इंग्लंडमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, रोजनिशी इंग्रजीत लिहिली. ही रोजनिशी वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. नोव्हेंबरात परतीचा प्रवास सुरू झाला. फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटलेले असल्याने मार्ग बेल्जियम, जर्मनी, टायरोल असा वळसा घेऊन इटलीत उतरला. वाटेतच महाराजांची प्रकृती बिघडली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधील हॉटेलात त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस.

५/ सोबतच्या मंडळींपुढे मार्ग तीन होते. देह जहाजाने मुंबईस न्यावा, तिथेच पुरावा, किंवा तिथेच दहन करावे. सुएझ कालवा उघडून जेमतेम वर्ष झाले होते, प्रवास काही आठवड्यांचा, आणि मृतदेह तितके दिवस अग्नीविना ठेवणे सेवकांना मानवणारे नव्हते. पुरणे तर छत्रपतींच्या बाबतीत अशक्यच. उरले दहन. पण इटलीत तेव्हा दहनाची रीतच नव्हती. युरोपातील दहनवादी डॉक्टरांचे प्रयोग नुकते कुठे सुरू झाले होते. मिलानमध्ये आधुनिक दाहगृहातील पहिले दहन झाले ते १८७६ मध्ये.

६/ त्याआधीचा इटलीतला प्रसिद्ध अपवाद इंग्रज कवी शेली यांचा. १८२२ मध्ये ते बुडाले आणि व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर त्यांचे दहन झाले. पण त्यामागे धर्म नव्हता, किनाऱ्यावर लागलेल्या प्रेतांबाबतचे विलगीकरणाचे नियम होते. धर्मविधी म्हणून चिता रचण्याची मागणी त्या शहरापुढे नव्यानेच आली.

७/ इंग्लंडातही चित्र वेगळे नव्हते. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले. त्यांचे दफन झाले आणि दहा वर्षांनी देह तिथल्याच आर्नोस व्हेल दफनभूमीत हलवला गेला. द्वारकानाथ टागोर १८४६ मध्ये लंडनला वारले. त्यांचेही केन्सल ग्रीनमध्ये दफन. दोघेही धनवान, मानमान्यतेचे. तरी अग्नी लाभला नाही, कारण तो देण्याची सोयच नव्हती. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या दाहगृहात पहिले दहन झाले ते १८८५ मध्ये.

८/ धर्मशास्त्राने मात्र या प्रसंगाचा विचार आधीच करून ठेवला होता. देह हाती न आल्यास पालाशविधी : पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिचे दहन. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधु’त या विधीची चर्चा आहे. वार्ता उशिरा पोचली तर सुतकाचे दिवस कमी कसे धरायचे, याचेही नियम आहेत. वाट पाहणाऱ्या घराला कुठेतरी थांबता यावे, ही त्यामागची व्यवहारी जाण. फाल्गुनात वर्ध्याच्या रानात पेटलेला पळस पाहताना हा त्याचा उपयोग सहसा कोणाच्या मनात येत नसेल.

९/ पालाशविधीची गरज फ्लॉरेन्समध्ये पडली नाही. दहनाची परवानगी मागितली गेली आणि नगरपालिकेने ती दिली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते; रोम नुकतेच, सप्टेंबरात, इटलीच्या ताब्यात आले होते. परक्या देशाच्या प्रजाजनांवर ब्रिटिश सरकारची छाया होती, आणि मृत व्यक्ती राजा होती. या दोन गोष्टी नसत्या तर उत्तर काय आले असते, हे ब्रिस्टल आणि केन्सल ग्रीन सांगतातच.

१०/ जागा निवडली ती आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमाची. इटालियन वृत्तान्तांत हा हिंदूंचा नियम म्हणून सांगितला जातो. तसा काटेकोर नियम नाही; पण कोल्हापूरच्या माणसाला संगम का आठवावा, हे सहज कळते. पंचगंगा हीच मुळी संगमातून झालेली नदी : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. राजघराण्यातील समाधी तिच्याच घाटावर. सेवकांनी परक्या शहरात घरच्यासारखी जागा शोधली.

११/ मध्यरात्र उलटून गेल्यावर देह हॉटेलातून संगमाकडे नेण्यात आला. गर्दी होऊ नये म्हणून ही वेळ. तरी बातमी फुटली आणि लोक जमलेच. लाकडांची चिता रचून सेवकांनी आपल्या रीतीप्रमाणे विधी केले. सकाळपर्यंत अग्नी चालू होता. डिसेंबराच्या त्या पहाटे नदीकाठी उभ्या असलेल्या फ्लॉरेन्सकरांपैकी बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा चिता पाहिली असणार.

१२/ त्यानंतर जे घडले ते पुढच्या दीडशे वर्षांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. अस्थींचा काही भाग मायदेशी नेण्यासाठी कलशात भरला गेला. उरलेली राख आर्नोच्या पात्रात सोडण्यात आली. देह एकच असतो, तो इथे तरी राहतो किंवा तिथे तरी. अस्थी मात्र वाटता येतात. गांधीजींच्या अस्थी देशभर गेल्या. वर्धा जिल्ह्यात पवनारला धाम नदीत त्यांचे विसर्जन झाले ते १२ फेब्रुवारी १९४८ रोजी. राजाराम महाराजांच्या अस्थींनी दोन देशांच्या नद्या वाटून घेतल्या.

१३/ छत्री उभी राहिली १८७४ मध्ये. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणारे मँट ते हेच. कोल्हापुरात महाराजांचे नाव राजाराम महाविद्यालयाने जपले. गादीवर पुन्हा दत्तक आला, आणि त्या दत्तकाच्या दुःखद अंतानंतर १८८४ मध्ये आणखी एक दत्तक. तेच राजर्षी शाहू.

१४/ उलट दिशेचा प्रवास आनंदीबाई जोशी यांच्या अस्थींनी केला. फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन त्या १८८६ मध्ये परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. दहन इथे झाले. पण त्यांना अमेरिकेत लेकीसारखे वागवणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अस्थी पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवल्या आहेत. म्हणजे दहन हिंदू रीतीचे आणि स्मृतिशिला ख्रिस्ती दफनभूमीत. माणसाचे ‘घर’ कोणते, हे ठरवणे दरवेळी जन्मगावाच्या हाती नसते.

१५/ राजा आणि पहिली डॉक्टर यांच्या अस्थींची नोंद राहिली. सामान्यांचे काय? पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिक इंग्लंडमधील ब्रायटनच्या रुग्णालयांत आणले गेले. तिथे मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले. १८७० साली फ्लॉरेन्सला अपवाद म्हणून दिलेली सवलत इथे व्यवस्था झाली होती. १९२१ मध्ये त्या जागी संगमरवरी छत्री उभारली गेली. पण सैनिकांची नावे दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये.

१६/ मेसोपोटेमियात तेही नाही. कुतच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. बसरा स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही; साध्या हिंदी शिपायांची मात्र केवळ संख्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच अहवालात ही असमानता मान्य केली. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या किती घरांत पळसाचे देठ जुळवले गेले असतील, हे त्या संख्येतून कळत नाही.

१७/ देह सबंध परत आणण्याचे गाजलेले उदाहरण विठ्ठलभाई पटेलांचे. मुंबई महापालिकेचे आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद भूषवलेले हे नेते २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ वारले. देह जहाजाने मुंबईस आला. लोकमान्यांप्रमाणे चौपाटीवर दहन व्हावे ही मागणी सरकारने नाकारली. १० नोव्हेंबरला सोनापूरच्या स्मशानात अग्निसंस्कार झाले. परक्या देशाने अडवले नाही, अडवले ते मायदेशातल्या सरकारने. परत आलेला देह गर्दी जमवतो, याची त्याला धास्ती होती.

१८/ आणि देह कधीच न येण्याचे उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चोळकर परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमधील रणक्षेत्रात वारले. त्यांचे तिथल्या रीतीने दफन झाले. पुढे अवशेष शिज्याज्वाङ येथील हुतात्म्यांच्या समाधिस्थळी हलवण्यात आले. युद्धकाळात सोलापूरच्या घरी हाती देण्यासारखे काहीच नव्हते. चिनी पत्नी आणि तान्हा मुलगा तिकडेच राहिले.

१९/ आज वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी)सारख्या गावात आखातातून असा फोन आला तर घरच्यांपुढे १८७० चेच मार्ग येतात, फक्त आता त्यांचे कागद झालेले आहेत. तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, वारसांचे संमतिपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, भारतीय दूतावासाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आणि देह आणायचा असेल तर लेपनाचा व शवपेटी मोहोरबंद केल्याचा दाखला. भारतात देह उतरवण्याची परवानगी १९५४ च्या विमान आरोग्य नियमांखाली लागते. त्यासाठी २०२३ पासून ‘ई-केअर’ हे केंद्रीय संकेतस्थळ आहे.

२०/ खर्चाचा प्रश्नही निरुत्तर नाही. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात कामगाराचा देह मायदेशी पोचवण्याचा खर्च मालकावर टाकलेला आहे. मालक हात वर करील, किंवा मृत व्यक्तीला मालकच नसेल, तर २००९ पासून भारतीय दूतावासांकडे समुदाय कल्याण निधी आहे. निराधार प्रकरणांत त्यातून मदत मिळते. तिची मागणी दूतावासाकडे लेखी करावी लागते, आणि हे बहुतेक घरांना फोन येईपर्यंत ठाऊक नसते.

२१/ सौदीत दहनाची मुभा नाही. त्यामुळे तिथे मरण पावलेल्या हिंदू कामगाराच्या घरच्यांना कलशाचा मधला मार्ग उपलब्ध नसतो : सबंध देह आणायचा, किंवा तिथेच दफनाला लेखी संमती द्यायची. जिथे दहन होते तिथून अस्थी आणणे त्या मानाने पुष्कळ सोपे. दहनाचा दाखला, मृत्यूचा दाखला, दूतावासाचे पत्र आणि मोहोरबंद कलश एवढे पुरते; नातलग तो विमानात स्वतःच्या हाती घेऊन येऊ शकतो. नागपूरला उतरून वर्ध्याकडे निघालेल्या अशा प्रवाशाजवळची पिशवी मांडीवरच असते, डिकीत ठेवलेली नसते.