खाडा आणि सुट्टी : अर्धवेळ काम करणाऱ्यांच्या रजेचा इतिहास

आजचा विषय तसा रोजच्या व्यवहारातला आहे, म्हणून सुरुवात घरातूनच करतो.

माझ्या लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात दारामागे एक कॅलेंडर टांगलेलं असे. दुधाचा हिशेब, सिलेंडर कधी लावला ती तारीख, सगळं त्याच्यावर. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी ज्या दिवशी आल्या नाहीत, त्या दिवसाच्या चौकोनात फुली. महिनाअखेरीला आई फुल्या मोजायची. दोन खाडे माफ. तिसऱ्यापासून पैसे कापायचे. आई काही कठोर नव्हती, गल्लीतल्या सगळ्या घरांत हाच रिवाज होता.

आता शब्द बघा. माझे वडील नोकरीला होते. ते घरी राहिले की ती ‘रजा’, आणि रजा ‘मंजूर’ होते. मावशी घरी राहिल्या की तो ‘खाडा’, आणि खाडा ‘माफ’ होतो. मंजूर होतो तो हक्क, माफ होतो तो गुन्हा. एकाच घरात, एकाच कॅलेंडरवर, न कामावर जाण्याला दोन वेगळे शब्द. हा फरक कुठून आला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

त्यासाठी मुंबईच्या गिरणगावात जावं लागतं. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात संरक्षण होतं फक्त मुलांना. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा, मधे तासाभराची विश्रांती आणि महिन्याला चार सुट्ट्या. मोठ्या माणसांना, बायकांना काहीच नाही.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनसाठी अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या थोडक्या होत्या. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर अपघात झाला, तर माणूस बरा होईपर्यंत पगार चालू राहावा.

पुढे सहा वर्षं अर्ज, सभा, पुन्हा अर्ज असं चाललं. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर जवळजवळ दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही बोलल्या, हे मुद्दाम लक्षात ठेवा. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

इथे एक गोष्ट निसटते. लोखंड्यांनी ‘आठवड्यातून एक दिवस’ एवढंच मागितलं नव्हतं, रविवार मागितला होता. सगळ्यांना एकच वार. नवरा एका गिरणीत, बायको दुसऱ्या गिरणीत, भाऊ तिसऱ्या. एकाला सोमवार आणि दुसऱ्याला गुरुवार मिळाला तर झोप मिळेल, पण घर एकत्र बसणार नाही, सभा भरणार नाही, बाजारहाट होणार नाही. सुट्टी सामाईक असली तरच तिला अर्थ. हा मुद्दा जरा बाजूला ठेवा, शेवटी लागणार आहे.

१८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी सर्वांना दिली. बायकांना अकरा तासांची मर्यादा आणि दीड तास विश्रांती मिळाली. पण त्या सुट्टीच्या दिवसाचा पगार द्या, असं कायदा म्हणाला नाही. पगारी रजा यायला आणखी पन्नासहून अधिक वर्षं गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, त्या काळात, १९४५ ला फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. बारा महिने सलग नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवस पगारी सुट्टी मिळाली. मग १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि १९५४ च्या दुरुस्तीने त्यात आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आकडा आला : २४०. कॅलेंडर वर्षात २४० दिवस हजेरी भरली, तर दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. म्हणजे वर्षाला निदान बारा दिवस.

आता गंमत बघा. गंमत कसली, पेचच आहे.

गिरणीत दोन प्रकारचे कामगार असत, कायम आणि बदली. बदली कामगार पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर येऊन उभा राहायचा. कोणी कायमवाला आला नाही, तर याला आत घेणार. नाहीतर परत घरी. शिमग्याला, गणपतीला, लग्नसराईत कोकणातली आणि घाटावरची माणसं गावी जात, तेव्हा बदलीवाल्याला काम बऱ्यापैकी मिळे. कायम कामगाराची रजा म्हणजे बदलीची हजेरी! त्याच्या स्वतःच्या गावीही गणपती बसायचाच की. पण तेच त्याच्या कमाईचे दिवस.

त्याचा हिशेब करू. महिन्याला सरासरी वीस दिवस काम मिळालं, तर वर्षाचे २४० भरले आणि बारा दिवस रजा मिळाली. सरासरी एकोणीस मिळाले, तर २२८ भरले. मग रजा किती? अकरा दिवस? नाही. शून्य. बारा दिवस कमी भरले म्हणून रजा सगळीच गेली. म्हणजे उंबरठ्याच्या आत प्रमाण आहे, बाहेर काहीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात पगारवाढीच्या बरोबरीने बदली कामगारांना कायम करा ही मागणी का होती, ते या आकड्यावरून कळेल. २०२० च्या नव्या कामगार संहितेत हा आकडा १८० वर आला. उंबरठा खाली आला, पण आहे तो उंबरठाच.

दुसरा मार्ग नाही का? आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९४ ला अर्धवेळ कामाचा करार केला. त्याचं सूत्र साधं आहे : जेवढं काम, तेवढ्या प्रमाणात रजा. ब्रिटनमध्ये रजा आठवड्यांत मोजतात. वर्षाला ५.६ आठवडे. आठवड्यात पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस, दोन दिवस करणाऱ्याला ११.२ दिवस. कमी मिळते, पण शून्य होत नाही. भारताने हा करार स्वीकारलेला नाही.

आणि आता परत आमच्या मावशींकडे येतो. आपल्याकडचा अर्धवेळ कामगार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे दुकानातला पोऱ्या येत नाही, मोलकरीण येते. गिरणीचा कायदा एका गोष्टीवर उभा होता : एक कामगार, एक गेट, एक मस्टर. मोलकरणीला चार गेट. चार घरं, प्रत्येक घरी दोन तास. प्रत्येक घर म्हणतं, दोनच तासांचं तर काम आहे, त्याला कसली आलीय रजा! प्रत्येक घर आपापल्या जागी खरं बोलतं. बेरीज मात्र आठ तास होते, आणि ती बेरीज कोणाच्याच कॅलेंडरवर नसते.

मधल्या सुट्टीचंही तेच. १९४८ च्या अधिनियमाप्रमाणे कारखान्यात सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नसे, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे. चार घरांच्या बाईचे पाच तास कुठल्याच घरात भरत नाहीत. तिची मधली सुट्टी म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाण्याचा वेळ, तोही भराभर.

हे मोलकरणींना कळत नव्हतं असं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढीबरोबर त्यांनी पगारी सुट्टी मागितली, दिवाळीचा बोनस मागितला. ज्यांच्याकडे मस्टर नव्हतं, नेमणुकीचं पत्र नव्हतं, त्या बायकांनी ‘खाडा’ शब्द बदलून ‘सुट्टी’ म्हणायला लावलं. माझ्या मते लोखंड्यांच्या अर्जाची ही खरी पुढची पायरी.

मग कायदा? २००८ ला महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आला. नोंदणी आली, अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण अशा मदतीच्या तरतुदी आल्या. चांगलंच झालं. पण ते कल्याण आहे. आठवड्याची सुट्टी किंवा वर्षाची पगारी रजा कोणत्या घराने द्यायची, हा हिशेब त्यात नाही. २०११ ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत घरकामगारांचा करार झाला, त्यात आठवड्याला सलग चोवीस तास विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, करार मात्र अजून स्वीकारलेला नाही.

थांबण्याआधी, बाजूला ठेवलेला तो रविवारचा मुद्दा. मागे एका व्याख्यानानंतर एका ताईंनी मला विचारलं होतं, “आम्ही महिन्याला चार सुट्ट्या देतो. खाडा म्हणत नाही, पैसे कापत नाही. मग झालं ना?” मी विचारलं, “कोणत्या दिवशी देता?” म्हणाल्या, “आम्ही बाहेर जेवायला जातो त्या दिवशी.” चांगल्या मनाच्या बाई. पण त्या दिवशी तिची उरलेली तीन घरं चालूच असतात. चार घरांनी चार वेगळे वार दिले तर सुट्ट्या होतात सोळा, आणि सुट्टीचा दिवस एकही होत नाही. रोज थोडं कमी काम, एवढंच.

लोखंड्यांनी एकच वार का मागितला, ते इथे येऊन उमगतं. गिरण्या अनेक होत्या, मालक अनेक होते, म्हणूनच वार एक हवा होता. मोलकरणीच्या बाबतीत तर एकाच कामगाराला मालक अनेक आहेत. कायदा होईल तेव्हा होईल, त्यासाठी भांडावं लागेल, आणि भांडणारी माणसं आहेत. तोवर एक काम आजच होण्यासारखं आहे. घरी गेल्यावर वार आपण ठरवू नका. तिला विचारा, बाकीची घरं कोणता वार देतात. आणि मग त्या बाकीच्या घरांशी बोला, ती घरं बहुतेक तुमच्याच सोसायटीत असतात.

आमच्या दारामागचं कॅलेंडर आता नाही. पण त्यावरचे रविवार लाल छापलेले असायचे, ते मला आठवतात. त्याच लाल चौकोनांत आई फुल्या मारायची.