एका श्वासाचे माप

कोरियाच्या दक्षिणेला, मुख्य भूमीपासून बरेच दूर, ज्वालामुखीच्या काळ्या खडकांचे जेजू नावाचे बेट आहे. या बेटावरच्या स्त्रिया शेकडो वर्षे समुद्रात बुडी मारून पोट भरत आल्या आहेत. छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा, दहा मीटरपर्यंत खाली जायचे, कपारींतून अबॅलोनी (एक सागरी गोगलगाय), शंख, काटेरी सी अर्चिन असे जे हाती लागेल ते काढायचे आणि श्वास संपायच्या आत वर यायचे. हवेची टाकी किंवा नळी कधीच सोबत नसते. या स्त्रियांना हेन्यो म्हणतात. जपानच्या किनाऱ्यावर हेच काम करणाऱ्या आमा या त्यांच्या जवळच्या नातलग. दोघींविषयीचा शास्त्रीय अभ्यास आता शंभरीकडे झुकला आहे. शरीरविज्ञान, इतिहास, मानवशास्त्र, सागरी जीवशास्त्र अशा अनेक वाटा तिथे एकत्र येतात. मराठी वाचकाला हा विषय फारसा परिचित नाही, म्हणून आत शिरण्याआधी थोडी ओळख करून देणे मला आवश्यक वाटते.

बहुतेकांची या विषयाशी पहिली भेट छायाचित्रांतून होते. लाटांवर तरंगणारे भोपळ्यासारखे नारिंगी गोळे, काळा पोशाख, सुरकुतलेला हसरा चेहरा. चित्रे सुंदर असतात, पण त्यांत या स्त्रिया एक तर जलपऱ्या होतात, नाही तर चमत्कार. वाचकांनी सुरुवात कामापासून करावी, असे मी सुचवीन. एका बुडीत किती वेळ मिळतो, त्यात काय काय करावे लागते, थंडी किती लागते, वर आल्यावर काय होते, हे आधी समजून घ्यावे. तेवढे नीट कळले की गावाचे कायदे, देवदेवता आणि राजकारणही उलगडू लागते.

शरीरापासूनच निघू. जपानी शास्त्रज्ञ गितो तेरुओका यांनी १९३२ मध्ये आमांच्या कामावर जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. तो या क्षेत्रातल्या पहिल्या शास्त्रीय लेखनांपैकी एक मानला जातो. १९६०च्या दशकात कोरियाचे सुक की हाँग आणि अमेरिकेतले हर्मन रान यांनी अभ्यासाला खरी गती दिली. त्यांच्या नोंदींतून कामाची लय स्पष्ट झाली: सुमारे अर्धा मिनिट पाण्याखाली, साधारण तेवढाच वेळ वर, की पुन्हा खाली. म्हणजे तासाला साठेक बुड्या. जुन्या काळी हे सारे सुती कपड्यांत चाले आणि हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या आसपास उतरे. अशा पाण्यात फार वेळ टिकता येत नसे. थोड्या वेळाने बाहेर येऊन शेकोटीशी बसावेच लागे. किनाऱ्यावर त्यासाठी दगडांची गोल भिंत रचलेली असे. तिला बुल्तोक म्हणतात. पाण्यातून वर आल्याबरोबर हेन्यो शिटीसारखा लांब आवाज करत श्वास सोडतात. हीच सुम्बिसोरी. साठलेली हवा झटक्यात बाहेर टाकून ताजी आत घेण्याची ही रीत दुरून ऐकणाऱ्याला पक्ष्याच्या हाकेसारखी वाटते.

हाँग आणि सहकाऱ्यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. हिवाळ्यात या स्त्रियांच्या शरीराचा विश्रांतीतला चयापचय सुमारे ३० टक्क्यांनी वाढत असे, आणि इतरांना हुडहुडी भरेल अशा पाण्यातही त्यांना ती उशिरा भरे. १९७०च्या दशकात रबरी पोशाख आले आणि काही वर्षांतच ही जुळवणी ओसरत गेली. १९८०च्या सुमारास पुन्हा मोजले तेव्हा हिवाळी वाढ उरली नव्हती. थंडीशी झुंजणे थांबले तसे शरीराने आपली तयारीही आवरली. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत हेलावणारा निष्कर्ष आहे, कारण एका पिढीच्या आयुष्यात झालेला हा बदल शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजला. अलीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने नवी बाजू पुढे आणली. रक्तदाबाशी आणि थंडी सोसण्याशी निगडित काही जनुकीय वैशिष्ट्ये जेजूच्या लोकांत दिसतात, मग ते बुडी मारणारे असोत वा नसोत. बुडीत हृदयाचे ठोके लक्षणीय मंदावणे मात्र आयुष्यभराच्या सरावातून येते. वारसा किती आणि सराव किती, हा वाद पुढे वाचताना तुम्हाला वारंवार भेटेल. त्याचे उत्तर घाईने एका बाजूला देऊ नये.

स्त्रियाच का, हा प्रश्न प्रत्येक नवा वाचक विचारतो. त्वचेखालची चरबी थंडीत उपयोगी पडते, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. जेजूत पूर्वी अबॅलोनी काढण्याचे काम प्रामुख्याने पुरुष करत, स्त्रिया सागरी वनस्पती गोळा करत. कोरियाच्या जोसोन राजवटीला अबॅलोनी खंडणी म्हणून हवे असत. ती खंडणी इतकी जाचक झाली की पुरुष बेट सोडून पळू लागले. १६२९ मध्ये बेटाबाहेर जाण्यावर बंदी आली आणि ती जवळजवळ दोनशे वर्षे टिकली. खंडणीचे ओझे हळूहळू स्त्रियांच्या अंगावर आले. आज ज्याला आपण प्राचीन स्त्री-परंपरा म्हणून गौरवतो, तिच्या मुळाशी कर आणि सक्ती आहे, हे विसरून चालणार नाही. जपानमध्ये तर हे काम पुरुषही करतात.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. समुद्रतळ गावाच्या समाईक हक्काचा असतो आणि तिथे कोणी, कधी, काय काढायचे हे गावातल्या हेन्यो मिळून ठरवतात. त्यांच्यात अनुभवाप्रमाणे तीन श्रेणी आहेत: हागुन, जुंग्गुन आणि सांगुन. सांगुन सर्वांत कुशल. बुल्तोकमध्ये धूर न येणारी जागा त्यांची, आणि हवा व समुद्र पाहून आज उतरायचे की नाही हे सांगण्याचा मानही त्यांचाच. पण मानाबरोबर जबाबदारी येते. उथळ पाण्याचा काही भाग वयोवृद्ध स्त्रियांसाठी राखून ठेवतात. त्याला ‘हालमांग बादांग’, आजीचा समुद्र, म्हणतात. धडधाकट बाईने तिथे हात घालायचा नाही. ओनप्योंग गावात तर शाळा उभारण्यासाठी समुद्राचा एक भाग नेमून दिला गेला आणि तिथली कमाई शाळेला गेली. शंख सात सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो काढायचा नाही, आणि त्याच्या विणीच्या उन्हाळ्यात काढणी बंद.

हवेची टाकी वापरायची नाही, हा यातला सर्वांत मोठा निर्बंध आहे. टाकी पाठीवर घेतली तर चार माणसे दिवसभरात तळ रिकामा करतील आणि उरलेल्या गावाने हात चोळत बसावे लागेल. एका श्वासात जेवढे काढता येते तेवढेच काढायचे, असे ठरले की माणसाच्या फुफ्फुसाची मर्यादा हीच सर्वांची मर्यादा होते. मात्र हे चित्र निर्दोष नाही, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. रबरी पोशाखाने पाण्यातली मिनिटे तासांवर नेली. श्वास तेवढाच राहिला, पण बुड्यांची संख्या वाढली. तेव्हापासून नुसत्या श्वासाचे माप पुरेसे राहिले नाही आणि दिवस, आकार, हंगाम यांचे नियम अधिक मोलाचे ठरले. जपानमधल्या काही गावांनी याच कारणाने पोशाखावरही बंधने घातली. या दोन प्रतिसादांची तुलना करून पाहा. सामूहिक साधनसंपत्तीविषयी पाठ्यपुस्तकात मिळणार नाही असे पुष्कळ त्यातून समजते.

सी अर्चिनकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्या एका प्राण्यात समुद्राची प्रकृती वाचता येते. गोल कवचावर चहूकडे काटे, खालच्या बाजूला तोंड, आणि त्यात पाच दातांची यंत्रणा, जिला ॲरिस्टॉटलच्या वर्णनामुळे ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात. खाण्याजोगा भाग म्हणजे आतल्या पिवळ्या-नारिंगी पाच पाकळ्या. त्यांना सर्रास अंडी म्हटले जाते, पण त्या नर आणि मादी दोघांच्याही प्रजननग्रंथी असतात. जेजूत उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या भरतात आणि सागरी वनस्पतीबरोबर त्यांचे सूप केले जाते. अर्चिन समुद्री गवत खातो. गवत भरपूर असेल तर तो आतून भरलेला मिळतो. पण त्याची संख्या बेसुमार वाढली, किंवा तापत्या पाण्यात गवतच खुरटले, तर खडक उघडे-पांढरे पडतात आणि त्यांवर भुकेले, आतून पोकळ अर्चिन उरतात. असा अर्चिन फोडला तर हाती काही लागत नाही. म्हणून खडकांची साफसफाई करून गवताला जागा करून देणे हाही गावाच्या सामूहिक कामाचा भाग आहे. बाजारातल्या अर्चिनच्या भावामागे हे काम असते.

राजकीय इतिहास मी थोडक्यात सांगतो, पण तो टाळू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या स्त्रिया कामासाठी जपान, चीन आणि थेट व्लादिवोस्तोकपर्यंत जात. जपानी वसाहतकाळात त्यांच्या मालाचे भाव पाडणाऱ्या सरकारी छत्राखालच्या संघटनेविरुद्ध जानेवारी १९३२ मध्ये त्या हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या. बु चुन-ह्वा, किम ओक-र्योन आणि बु दोक-र्यांग या तरुण नेत्या हादो गावातल्या रात्रशाळेत शिकलेल्या होत्या. आज त्याच हादोत हेन्यो संग्रहालय आहे. दरवर्षी दुसऱ्या चांद्र महिन्यात वाऱ्याची देवी योंगदुंग हिचे विधी होतात, आणि समुद्रात शंखशिंपल्यांचे बी ती पेरते अशी श्रद्धा आहे. त्यांपैकी छिल्मोरीदांग देवस्थानाचा विधी २००९ मध्ये आणि खुद्द हेन्यो संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. दरम्यान हेन्योंची संख्या मात्र घटत गेली. १९६०च्या दशकात वीस हजारांहून अधिक असलेल्या हेन्यो आता तीन हजारांच्या खाली आल्या आहेत आणि बहुसंख्य साठीच्या पुढच्या आहेत. मुलींना शिकवून दुसऱ्या व्यवसायात पाठवण्यासाठी अनेक आयांनी समुद्रात कष्ट केले, त्यामुळे या घटीकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते.

कोकणातून येणाऱ्या वाचकाला एक गोष्ट चटकन ओळखीची वाटेल. हेन्यो चांद्र तिथीवर काम आखतात. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो, तेव्हा त्या उतरतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या, खुबे काढणाऱ्या बायका याच्या उलट उधाणाच्या खोल सुकतीची वाट पाहतात, कारण त्यांना तळ उघडा हवा असतो. चंद्र तोच, हिशेबाचे ज्ञान तेवढेच सूक्ष्म, फक्त पाण्याशी असलेले नाते वेगळे. म्हणून जेजूविषयी वाचताना ज्यांना पुढे स्वतः काम करावेसे वाटेल, त्यांनी आपल्या जवळच्या खाडीत जाऊन विचारावे: कोणता खडक कोणत्या वाडीचा, कोणत्या तिथीला कोण उतरते, मुलगी हे काम कुणाच्या मागे जाऊन शिकते, लहान कालव तिथेच सोडायचे असे कोण सांगते, आणि संध्याकाळी बाजारात भाव कोण ठरवते.