दोन लेखांसाठी अख्खं दार बंद

मुलांच्या अभ्यासासाठी आपण विकिपीडिया सहज उघडतो. तुर्कस्तानात मात्र हे दार ९९१ दिवस बंद होतं.

तुर्की सरकारचे सीरियातल्या अतिरेकी गटांशी संबंध आहेत, असं दोन लेखांत म्हटलं होतं. मजकूर काढायला विकिपीडियाने नकार दिला. २९ एप्रिल २०१७ रोजी सरकारने सगळ्याच भाषांतला विकिपीडिया बंद केला. आजार, शेती, इतिहास, सगळीच माहिती अडली.

प्रकरण कोर्टात गेलं. २६ डिसेंबर २०१९ला तिथल्या घटना न्यायालयाने १० विरुद्ध ६ मतांनी निकाल दिला: ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. १५ जानेवारी २०२०ला बंदी उठली.

भातात खडा असल्याची शंका आली, तर आपण भात निवडून बघतो. अख्खं पातेलं ओतून देत नाही. सरकारलाही आपण एवढंच सांगायचं.