डायलिसिसची कुळकथा

आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचा आठवडा या हिशोबावर चालतो. खाटेशेजारच्या यंत्राला फूटभर लांबीचे एक पारदर्शक नळकांडे लावलेले असते. त्याला डायलायझर म्हणतात. त्यात केसासारखे बारीक, पोकळ असे हजारो तंतू असतात. तंतूंच्या आतून रक्त जाते आणि बाहेरून उलट दिशेने क्षारांचे द्रावण वाहते. युरिया आणि क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्ये तंतूंच्या भिंतीतून पाझरून द्रावणात उतरतात, रक्तपेशी आणि प्रथिने आतच राहतात. हे जमायला तीन गोष्टी हव्या होत्या: गाळणारा पडदा, रक्त गोठू न देणारे औषध आणि रक्तवाहिनीत पुन्हा पुन्हा शिरण्याची वाट. त्या जमायला शंभरावर वर्षे गेली.

पडद्याची गोष्ट 1861 सालची. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी दाखवून दिले की पार्चमेंटसारख्या पडद्यातून लहान रेणू पार होतात, मोठे अडकून राहतात. या क्रियेला डायलिसिस हे नाव त्यांनीच दिले. 1913 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोडियनच्या नळ्यांतून जिवंत कुत्र्यांचे रक्त फिरवून पाहिले. ते गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडिन वापरले. माणसावर पहिला प्रयोग जर्मनीतल्या गीसेन गावी गेओर्ग हास यांनी 1924 मध्ये केला. पण हिरुडिन पुरेसे शुद्ध नव्हते, त्याचा रुग्णाला त्रास होई. 1928 मध्ये हास हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या औषधाकडे वळले. आजही डायलिसिस करताना बहुतेक ठिकाणी हेपारिनच देतात.

पुढचा टप्पा डच डॉक्टर विलेम कोल्फ यांचा. 1938 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात मूत्रपिंडे निकामी झालेला एक तरुण त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. रोज थोडा युरिया जरी बाहेर काढता आला तरी असा माणूस वाचेल, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी त्यांनी घेतली, तिच्यात युरिया मिसळलेले थोडे रक्त भरले आणि ती मिठाच्या पाण्यात हलवत ठेवली. काही मिनिटांतच जवळजवळ सगळा युरिया पाण्यात उतरला. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले, देश जर्मनांच्या ताब्यात गेला. तरीही काम्पेन या छोट्या गावी, तिथल्या एनॅमलच्या कारखान्याच्या मदतीने, कोल्फ यांनी यंत्र उभे केले. आडव्या ड्रमवर सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळायची आणि तो द्रावणाच्या टाकीत अर्धा बुडवून फिरवत ठेवायचा.

1943 पासून त्यांनी एकामागून एक रुग्ण घेतले. पहिल्या 16 पैकी 15 जण वाचले नाहीत. सप्टेंबर 1945 मध्ये बेशुद्धावस्थेत आलेली 67 वर्षांची एक बाई डायलिसिसनंतर शुद्धीवर आली, तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली आणि ती वाचली. इतके मृत्यू पाहूनही कोल्फ यांनी प्रयत्न सोडले नाहीत, म्हणून तो दिवस उगवला. पुढे त्यांनी आपली यंत्रे इतर देशांतल्या डॉक्टरांना देऊन टाकली.

तरी अडचण होतीच. प्रत्येक डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि ती पुन्हा उपयोगाची राहत नसे. त्यामुळे मूत्रपिंडे कायमची गेलेल्यांसाठी हा उपाय नव्हता. 1960 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये डॉक्टर बेल्डिंग स्क्रिबनर यांनी धमनी आणि शीर जोडणारी टेफ्लॉनची नळी हातावर कायम ठेवली. तिचा पहिला रुग्ण 11 वर्षे जगला. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी नळीही काढून टाकली. मनगटाजवळ धमनी थेट शिरेला शिवली की काही आठवड्यांत शीर फुगून जाड होते आणि वारंवार सुई सोसते. हाच फिस्ट्युला. त्यावर बोट ठेवले की रक्ताची थरथर लागते. ती थांबली तर लगेच डॉक्टरांना गाठायचे आणि त्या हाताचे बीपी कधी घेऊ द्यायचे नाही, हे रुग्णांना पहिल्या दिवसापासून शिकवतात.

यंत्रे मात्र मोजकीच होती. सिएटलमध्ये कुणाला डायलिसिस द्यायचे हे ठरवायला 1960 च्या दशकात सामान्य नागरिकांची समिती बसे. ज्यांना जागा मिळाली नाही, ते मेले. आपल्याकडे 2016 मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत सोय होऊ लागली. पण गावातल्या रोजंदारीच्या माणसाला आठवड्यातून तीन दिवस मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागत असेल, तर उपचार मोफत असूनही त्याला महागच पडतो. पडदा, औषध आणि वाट, तिन्ही गोष्टी केव्हाच हाती आल्या आहेत. आता डायलिसिसची खाट तालुक्यात पोहोचवणे, एवढेच आपल्याकडून व्हायचे राहिले आहे.