कमावलेले कातडे

१९११ साली जोहान्सबर्गजवळच्या एका शेतावरून एका बॅरिस्टराने आपल्या पुतण्याला पत्र लिहिले. सध्या बराचसा वेळ चपला करण्यात जातो, हे काम आवडते, आतापर्यंत सुमारे पंधरा जोड तयार झाले आहेत, अशी हकीकत त्यात आहे. पुढे सूचना आहे : नवी चप्पल हवी असल्यास पायाचे माप पाठवावे आणि अंगठ्याच्या व करंगळीच्या बाहेरच्या बाजूला पट्टा नेमका कुठे यायला हवा, तिथे खूण करावी.

पत्र लिहिणारे मोहनदास गांधी, पुतण्या मगनलाल. मापाविषयीची ही सूचना वाचली की पत्रलेखकाने हातात खरोखरच आरी धरलेली आहे, हे ओळखू येते. चप्पल नुसती पाहणाऱ्याला पट्ट्याची जागा सुचत नाही. ती बिघडवलेल्यालाच सुचते.

हा थ्रेड चामड्याच्या त्या कामाविषयी आहे जे पोटासाठी नव्हे, जन्माने वाट्याला आले म्हणूनही नव्हे, तर स्वतःच्या निवडीने घरात बसून केले जाते. आज त्याला छंद म्हणतात. भारतात या छंदाचा इतिहास सरळ नाही, कारण ज्या हत्यारांनी तो जोपासला जातो त्यांच्यावर फार जुनी नावे कोरलेली आहेत.

टॉल्स्टॉय फार्म १९१० मध्ये सुरू झाले. लॉली स्टेशनजवळची ११०० एकर जमीन हर्मन कॅलनबाख या जर्मन ज्यू वास्तुविशारदाने सत्याग्रहींच्या कुटुंबांना वापरायला दिली. शक्य तेवढ्या गरजा स्वतःच्या हातांनी भागवायच्या, असा तिथला नियम. पायताणाचा प्रश्न आला तेव्हा कॅलनबाख नाताळमधील मारियनहिल या ट्रॅपिस्ट मठात गेले, तिथे चपला करायला शिकले, परत येऊन त्यांनी गांधींना शिकवले आणि गांधींनी इतरांना. पुढे शेतावर झालेल्या चपला मित्रमंडळींना विकल्याही जाऊ लागल्या.

इथे क्षणभर थांबायला हवे. ज्या देशात चामड्याचे काम शेकडो वर्षे वडिलांकडून मुलाकडे चालत आले, त्या देशातला माणूस ते काम समुद्रापार, जर्मन संन्याशांच्या मठातून आलेल्या मित्राकडून शिकला. काठियावाडातल्या मोढ वाणी घरातल्या मुलाला राजकोटच्या मोच्यासमोर शिष्य म्हणून बसणे जवळपास अशक्य होते. मठातल्या कार्यशाळेत ते सहज शक्य होते, कारण तिथे आरीला जात चिकटलेली नव्हती.

अशा चपलेला लागते तरी काय? कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखलेली आकृती. तळासाठी जाड, अंगठा आणि पट्ट्यांसाठी पातळ कातडे. कापायला आणि कडा तासून पातळ करायला रापी. भोके पाडायला आरी. ठोकायला लाकडी मोगरी आणि खाली कठीण ठोकळा. मेण लावलेला दोरा. बंद बुटाला जसे कालबूत लागते, म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी साचा, तसे उघड्या चपलेला लागत नाही. पाऊल हाच तिचा साचा. घरातल्या एका कोपऱ्यात जमू शकणारे हे काम आहे, आणि तुरुंगातही.

१९१३ च्या अखेरच्या अटकेत गांधींनी तुरुंगात केलेला एक जोड जनरल यान स्मट्स यांच्याकडे पोहोचला. त्यांना तुरुंगात टाकणाऱ्या सरकारातले हे प्रमुख मंत्री. जुलै १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना गांधींनी ती भेट ठेवून दिली. स्मट्स यांनी अनेक उन्हाळे त्या चपला वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, परत केल्या. एवढ्या थोर माणसाच्या पायताणात उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा आशयाचे त्यांनी तेव्हा लिहिले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्या चपलांचे कातडे कुठून आले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

मराठीत कातडे ‘कमावतात’. पैसा कमावणे आणि कातडे कमावणे, दोन्हींना एकच क्रियापद. न कमावलेले कातडे दोनचार दिवसांत कुजते. त्याला टिकाऊ, लवचीक आणि पाण्याला पुरून उरणारे करणे, ही मूळ कारागिरी. रापी आणि आरी त्यानंतरची.

जुनी पद्धत अशी. ताजे कातडे पाण्यात भिजवायचे, मग चुन्याच्या कुंडात काही दिवस ठेवायचे, म्हणजे केसांची मुळे सैल होतात. एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे उरलेले मांस खरवडून काढायचे. चुना धुऊन घालवायचा. मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून केलेल्या पाण्यात ते मुरवायचे. त्यांतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना धरून बसतो आणि कुजणे थांबते. कोल्हापूरच्या परिसरात यासाठी कातडेच शिवून त्याची पिशवी करीत, ती टांगून ठेवीत, आत साल आणि हिरड्याचे पाणी भरीत. पाणी कातड्यातून झिरपत खाली उतरे, ते पुन्हा वर ओतत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगत. जे कमावायचे तेच भांडे, अशी ही विलक्षण युक्ती. कोल्हापुरी चपलेचा भक्कम तळ या पाण्यातून येतो.

या कामाला भरपूर पाणी लागते, भरपूर दिवस लागतात आणि त्याचा वास जात नाही. म्हणून त्याची जागा गावाबाहेर, ओढ्याच्या खालच्या अंगाला. मराठी गावगाड्यात टप्पे वाटलेले होते : मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, त्याचे जोडे, मोटा, पखाली करणे चांभारांकडे. गावाची विहीरबागायत कातडी मोटेवर चाले. मोट शेताच्या मध्यभागी आणि ती बनवणारे हात वेशीबाहेर, अशी ती व्यवस्था होती. या तिघांतही एकमेकांमध्ये रोटीबेटी नव्हती. शिडीची प्रत्येक पायरी खालच्या पायरीपासून अंतर राखून होती.

घरगुती छंद या साखळीच्या शेवटच्या टोकाला सुरू होतो. त्याला तयार पान लागते, साफ आणि बिनवासाचे. युरोप-अमेरिकेतही तसेच घडले. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९१९ साली हिंकली-टँडी ही कंपनी बूटदुरुस्तीचे सामान विकण्यासाठी निघाली. दुसऱ्या महायुद्धात चार्ल्स टँडी आरमारात असताना, जखमी सैनिकांना बोटांचा व्यायाम आणि मनाला विरंगुळा म्हणून इस्पितळांत चामड्याचे काम दिले जाते, हे त्याच्या लक्षात आले. युद्धानंतर त्याने कंपनी याच बाजाराकडे वळवली. आज जगभर मिळणाऱ्या तयार किटांमागे त्या इस्पितळांच्या खाटा आहेत.

भारतात वेगळा प्रयोग बंगालमध्ये झाला. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या श्रीनिकेतनमध्ये रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी यांनी चामड्यावरील नक्षी आणि बाटिक रुजवले. कातडे ओलसर करून त्यावर आकृती दाबायची, मग रंगवायची. त्या पिशव्या आणि पाकिटे आजही शांतिनिकेतनच्या नावाने विकली जातात. भद्रलोकांच्या घरात चामडे कला म्हणून शिरले ते बरेचसे या दाराने. पण हेही तयार पानावरचेच काम.

या टोकावर थांबायचे नाही, हे गांधींच्या मनाने घेतले, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९३४ च्या ‘हरिजन’मधील लेखात त्यांनी दरवर्षी नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते असा अंदाज मांडला. सुशिक्षितांनी या धंद्याकडे पाठ फिरवली म्हणून त्याचे तंत्र खुंटले, असे त्यांचे निदान होते. जनावर जमिनीवरून फरफटत नेले की कातडे ओरखडते आणि त्याची किंमत उतरते, इतक्या बारकाव्यापर्यंत ग्रामोद्योगी मंडळी गेली. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तिथे कत्तलीचे नव्हे, नैसर्गिक मृत्यू आलेल्या गुरांचे कातडे कमावले जाई. छंदाच्या टोकावरून मागे, कुंडापर्यंत चालत जाण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

पण त्याच वर्षांत त्याच महाराष्ट्रात प्रवाह उलट वाहत होता. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली गुरे ओढणे थांबवा, हा संदेश गावोगाव गेला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. जिथे महारांनी काम नाकारले तिथे बहिष्कार पडले. काम सोडणे हाच इथे सत्याग्रह होता. एकजण चामडे हातात घेऊन बंड करतो, दुसरा ते खाली ठेवून. दोघांच्या बंडाला एकच शब्द वापरणे सोपे आहे, पण किंमत सारखी नव्हती. गांधींना आरी कधीही बाजूला ठेवता येत होती.

या वादातला सर्वांत धारदार प्रसंग आंबेडकरांनी स्वतःच १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितला. पूर्वी ‘केसरी’त कोणी हिशेब मांडला होता : अमुक गावात वर्षाला पन्नास गुरे मरतात, त्यांचे कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे मिळून पाचशे रुपये होतात, आणि आंबेडकरांच्या प्रचारामुळे अस्पृश्यांचे हे उत्पन्न बुडते. आंबेडकरांचे उत्तर असे, की मग हा नफा तुम्हीच घ्या. तुमच्या घरच्यांनी ती गुरे ओढावीत. त्या पाचशेवर आणखी पाचशे मी माझ्या खिशातून देतो.

‘कमावणे’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एवढ्या नेमकेपणाने समोरासमोर क्वचितच आले असतील. हिशेब मांडणाऱ्याला कातड्यात कमाई दिसत होती. उत्तर देणाऱ्याला ती कमाई कोणाच्या माणुसकीतून वजा होते, ते दिसत होते. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील पुस्तकात आंबेडकरांनी हीच टीका विस्ताराने केली आहे : हलके ठरवलेल्या कामाला थोर म्हटले, तरी ते ज्याच्यावर लादले त्याची सुटका होत नाही.

आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये चामड्याचे पाकीट शिवणारे तरुण-तरुणी पुष्कळ आहेत. त्यांचे तंत्र उत्तम असते. दातेरी छिन्नीने समान अंतरावर खुणा, एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून : हा सॅडल स्टिच. यंत्राच्या शिवणीत दोन दोरे मधोमध एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाते. सॅडल स्टिचमध्ये एक टाका गेला तरी दोऱ्याची दुसरी बाजू धरून राहते. शेवटी कड ओलसर करून लाकडाने घासायची, म्हणजे ती काचेसारखी गुळगुळीत होते.

या छंदाला कातडेही जुन्या पद्धतीचेच लागते. १९०३ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे प्रयोग सुरू केले. आठवड्यांचे काम त्यामुळे थोड्या दिवसांवर आले. आता बाजारात बहुतांश चामडे क्रोमचेच असते. पण क्रोमच्या कातड्यावर दाबलेली नक्षी टिकत नाही, कडही तशी घासली जात नाही. म्हणून हौशी माणूस झाडाच्या सालीने कमावलेले पान शोधतो आणि त्याला जास्त पैसे मोजतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. तिचा तळही त्याच साल-हिरड्याच्या कुळातला.

पान घरी येते तेव्हा ते शांत आणि सुगंधी असते. त्यामागचे काम मात्र कोणीतरी करतच असते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळच्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित कुटुंबाला मारहाण झाली. त्यातल्या तरुणांना गाडीला बांधून भर रस्त्यात फटकावले गेले आणि त्याचे चित्रण देशभर फिरले. ज्या काठियावाडातून गांधी आले, तोच हा मुलूख. आठवड्याभरात सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली गुरे ट्रॅक्टरमधून आणून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर टाकली. जनावरे उचलणे त्यांनी बंद केले. पुढचे कित्येक दिवस सौराष्ट्रातल्या गावांबाहेर गुरे तशीच पडून राहिली.