कुंडीतले रोप आणि खिडकीतले आकाश

या व्यासपीठावर आजवर मोठमोठ्या विषयांचे विवेचन झाले आहे. मी आज एका कुंडीविषयी बोलणार आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या संगतीत. तेव्हा वनस्पतिशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. परंतु घरात उजेड किती येतो, तो कोण अडवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. आणि घरातल्या रोपाचा इतिहास हा बहुतांशी याच प्रश्नाचा इतिहास होय.

आमच्या युनियनच्या कचेरीत कोणीतरी मनी प्लँटची कुंडी आणून कपाटाशेजारी ठेवली. काही महिन्यांत पानांवरचे पिवळे पट्टे पुसट झाले, दोन पानांमधले अंतर वाढत गेले आणि वेल काडीसारखी बारीक होऊन खिडकीच्या दिशेला वळली. आम्ही पाणी वाढवले, तर मुळे कुजू लागली. तेव्हा गिरणीच्या साचाखात्यातून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "अहो, ते तहानलेलं नाही, उपाशी आहे. खिडकीशी न्या त्याला."

मला नवल वाटले. ज्या कोपऱ्यात आम्ही ट्यूबलाइटखाली बारीक टाइपातले करारमदार वाचतो, तेथे रोप उपाशी कसे? याचे उत्तर असे की आपला डोळा या बाबतीत भरवशाचा साक्षीदार नव्हे. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खोलीच्या आतल्या भागात तो अनेकदा दोनशे-तीनशे लक्सवर येतो, म्हणजे तीनशे ते पाचशे पटींनी कमी होतो. डोळा जुळवून घेतो, म्हणून आपल्याला एवढा फरक जाणवत नाही. पानाला मात्र जेवढा प्रकाश मिळेल तेवढेच अन्न तयार करता येते. यान इंगेनहूस या डच वैद्याने १७७९ साली दाखवून दिले की हिरवी पाने हवा शुद्ध करतात ती उजेडात. अंधारात तीच पाने हवा दूषित करतात. आजच्या भाषेत बोलायचे तर रोपाची कमाई फक्त उजेडात होते, पण श्वसनाचा खर्च रात्रंदिवस चालू राहतो. कमाई आणि खर्च सारखे झाले तर रोप जगते, पण वाढत नाही. कमाई त्याहून घटली की ते शिलकीतले खाऊ लागते. हा हिशेब कामगाराच्या घरात समजावून सांगावा लागत नाही.

मनी प्लँट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. अशा दाट उष्ण जंगलांत जमिनीवर पोहोचणारा प्रकाश पुष्कळदा शेकडा एक-दोन इतकाच असतो. म्हणून या जातीची रोपे सावली सोसतात आणि वैशाखातल्या दुपारच्या थेट उन्हात त्यांची पाने करपतात. पण सोसणे म्हणजे गरज नसणे नव्हे. हीच गल्लत रोपांच्या बाबतीत होते आणि माणसांच्याही.

आता ही जंगलातली रोपे दूरच्या घरांत पोहोचली कशी, ते पाहू. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे पूर्व लंडनमध्ये गोदीजवळ व्यवसाय करणारे डॉक्टर. त्यांनी हौसेने लावलेले नेचे कारखान्यांच्या धुराने मरून जात. १८२९ साली त्यांनी एक कोश ओल्या मातीत घालून झाकणाच्या बाटलीत ठेवला. पतंग कसा निघतो ते त्यांना पाहायचे होते. पण त्या मातीत नेच्याचे आणि गवताचे रोप उगवले आणि बंद बाटलीत टिकून राहिले. यातून काचेची बंद पेटी तयार झाली. १८३३ साली अशा दोन पेट्या लंडनहून सिडनीला गेल्या आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर आतली रोपे जिवंत उतरली. यातली मेख लक्षात घ्या. त्या पेट्या तळघरातल्या मालाबरोबर ठेवलेल्या नव्हत्या. त्या उघड्या डेकवर होत्या. काचेने खारा वारा अडवला, ओल आतल्या आत राखली आणि उजेड मात्र येऊ दिला. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या उतारावर आणली, तीही अशाच पेट्यांतून.

पण ज्या लंडनमधून ही पेटी निघाली, तेथे काच आणि खिडकी या दोहोंवर कर होता. १६९६ साली इंग्लंडमध्ये घराच्या खिडक्या मोजून कर बसवला गेला आणि तो १८५१ पर्यंत चालला. काचेवरची जकात अठराव्या शतकातली. ती १८४५ साली उठली. अनेक बिऱ्हाडांची इमारत करापुरती एकच घर धरली जाई. म्हणून घरमालक कर वाचवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवत. कर मालकाचा, अंधार भाडेकरूचा! वॉर्ड यांनी १८४२ साली आपल्या पेट्यांवर पुस्तक लिहिले, त्यात गरिबांच्या वस्तीला या पेट्यांचा काय उपयोग होईल यावर स्वतंत्र विवेचन केले. रोपाला जो उजेड लागतो तो माणसालाही लागतो, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते.

कर गेला, तरी समोरची भिंत राहिलीच. उजेड मोजायचा कसा? लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्याने घरामागच्या मोकळ्या जागेसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन घातला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि तोच कोन मुंबईत आला. ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर मांडणी करताना त्याचा आग्रह धरला. हिशेब सोपा आहे. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये वीस फूट मोकळी जागा हवी. म्हणजे तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाशाचा तुकडा दिसतो.

हाच नियम कुंडीला लावून पाहा. जेथे कुंडी ठेवायची तेथे आपले डोळे पानांच्या उंचीवर न्या आणि खिडकीतून बाहेर पाहा. आकाश बऱ्यापैकी दिसत असेल तर जागा चांगली. नुसती समोरची भिंत दिसत असेल तर सोशिक रोपच तेथे जगेल. आकाश मुळीच दिसत नसेल, तर ती जागा कपाटाला द्यावी. दुसरी कसोटी हाताची आहे. दुपारी पानांजवळ कागद धरून त्यावर एक फुटावर हात धरा. सावली रेखीव पडली तर ऊन प्रखर आहे, पडदा लावा; सावली अस्पष्ट पण ओळखता येईल अशी असेल तर उष्ण प्रदेशातल्या बहुतेक घरगुती रोपांना ती जागा मानवते; सावलीच पडली नाही तर उजेड अपुरा आहे. पूर्वेची खिडकी सहसा उत्तम. अंधारातले रोप एकदम उन्हात नेऊ नये, हळूहळू न्यावे. पानांवरची धूळ पुसावी. आणि उजेड कमी असेल तेथे पाणीही कमी घालावे. आमची चूक तेथेच झाली होती.

आमची कुंडी आता खिडकीशी आहे. नवी पाने आली, त्यांवर पट्टे परत दिसू लागले.

कुंडी हलवता येते, बिऱ्हाड हलवता येत नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. इमारती एकमेकींना खेटून उभ्या. खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन-वारा पोहोचत नाही, तेथे क्षयरोग अधिक आढळला. म्हणून नव्या घराचा नकाशा कोणी पुढे केला, तर चौरस फूट विचारून थांबू नका. तळमजल्याच्या खिडकीत कुंडी ठेवली, तर तिला आकाश किती दिसेल, एवढे अवश्य विचारा.