बडोदा विषप्रयोग प्रकरण : साक्षी, तारखा आणि दुभंगलेला निर्णय

बडोदा संस्थानातील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांना ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सरबतातून विष देण्याचा प्रयत्न झाला. त्यामागे बडोद्याचे अधिपती मल्हारराव गायकवाड होते काय, याची चौकशी करण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सहा सदस्यांचा आयोग नेमला. आयोगातील तिघा इंग्रज सदस्यांनी आरोप सिद्ध झाल्याचे मत दिले. तिघा हिंदी सदस्यांना तो सिद्ध झाल्याचे पटले नाही. तरीही मल्हाररावांची गादी गेली. इतिहासात ही घटना ‘बडोदा विषप्रयोग प्रकरण’ या नावाने ओळखली जाते.

सहाही सदस्यांनी ऐकलेल्या साक्षी एकच होत्या. मग मते दुभंगली कशी, हा या प्रकरणाचा गाभा आहे. गोमंतकीय वाचकाला त्यात एक जवळचा धागाही सापडतो. रेसिडेंटचा बटलर पेद्रो डिसोझा हा साक्षीदारांपैकी एक होता आणि विषप्रयोगाच्या थोडेच दिवस आधी तो रजेवर गोव्याला येऊन गेला होता.

पार्श्वभूमी

खंडेराव गायकवाड यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १८७० मध्ये त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांच्या हयातीत, त्यांच्याविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून मल्हाररावांना पाद्रा येथे कैदेत ठेवण्यात आले होते. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या. १८७३ मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या फेअर यांनी त्या तक्रारी जोराने पुढे मांडल्या. चौकशीअंती व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै १८७४ मध्ये मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली. दादाभाई नौरोजी त्या काळात बडोद्याचे दिवाण होते. फेअर यांचे त्यांच्याशीही जमले नाही. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता धाडून फेअर यांच्या बदलीची मागणी केली. सरबताचा प्रसंग त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी घडला.

९ नोव्हेंबरची सकाळ

फेअर रोज सकाळी फिरून आल्यावर पपनसाचे सरबत घेत. त्या सोमवारी परतल्यावर त्यांनी पेल्यातील दोन-तीन घोट घेतले. चव बरी न वाटल्याने उरलेले सरबत त्यांनी बाहेर फेकले. काही वेळाने मळमळ सुरू झाली आणि पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो तपासला व पुढे मुंबई सरकारचे रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठविला. गाळात सोमल निघाला. विष होते, याविषयी पुढे फारसा वाद राहिला नाही. ते कोणी घातले आणि कोणाच्या सांगण्यावरून, एवढेच ठरवायचे होते.

सोमवार हा महाराजांचा रेसिडेन्सीत येण्याचा ठरलेला वार होता. त्याप्रमाणे त्याच सकाळी मल्हारराव फेअर यांना भेटून गेले. या भेटीचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. अपराधी मनुष्य नेहमीचा क्रम मोडत नाही आणि निरपराध मनुष्यालाही तो मोडण्याचे कारण नसते. असा पुरावा तराजूच्या कोणत्याच पारड्यात टाकता येत नाही.

तपास आणि कबुलीजबाब

प्राथमिक चौकशीतून काही निष्पन्न झाले नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस फेअर यांना हलविण्याचा निर्णय झाला आणि सर लुईस पेली बडोद्यास आले. मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सौटर आपल्या अंमलदारांसह दाखल झाल्यावर तपासाला वेग आला.

रेसिडेन्सीतील आया अमिना रात्री गाडीतून हवेलीवर जात असे, हे गाडीवानांकडून कळले. शिपायांचा हवालदार रावजी आपल्या ऐपतीबाहेर दागिने करीत असल्याचेही उघड झाले. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात, माफीच्या वचनानंतर, रावजीने कबुली दिली. महाराजांनी आपल्याला व जमादार नरसूला विष घालण्यास सांगितले, नरसूने पुड्या आणून दिल्या आणि आपण त्या सरबतात मिसळल्या, असा त्याचा जबाब होता. पाठोपाठ नरसूनेही कबुली दिली. त्याला माफीचे वचन नव्हते. त्याच सुमारास त्याने विहिरीत उडी घेतली. त्याला बाहेर काढण्यात आले.

१४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना नजरकैदेत ठेवून संस्थानाचा कारभार ब्रिटिशांनी हाती घेतला. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनाही अटक झाली. २९ जानेवारीला, माफीच्या आश्वासनावर, त्यांनी सोमल व हिरे आपण मिळवून दिल्याचे सांगितले.

आयोगाचे काम २३ फेब्रुवारी १८७५ रोजी सुरू झाले. अध्यक्षपदी बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच होते. सर रिचर्ड मीड, फिलिप मेलव्हिल, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे अन्य सदस्य होते. सरकारपक्षातर्फे मुंबईचे ॲडव्होकेट जनरल अँड्र्यू स्कोबल, तर मल्हाररावांतर्फे लंडनहून आलेले सार्जंट बॅलंटाइन उभे राहिले. ‘सार्जंट’ ही येथे पोलिसी हुद्द्याची नव्हे, तर इंग्लंडमधील ज्येष्ठ वकिलांची तत्कालीन पदवी होय.

साथीदाराच्या साक्षीचे मोल

रावजी, नरसू आणि दामोदरपंत हे तिघेही स्वतःच्या कथनानुसार कटात सामील होते. अशा साक्षीसंबंधी १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. कलम १३३ नुसार केवळ साथीदाराच्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नव्हती. कलम ११४ च्या दृष्टांतात मात्र, महत्त्वाच्या तपशिलांना अन्य पुराव्याची पुष्टी मिळाल्याखेरीज साथीदार विश्वासास पात्र नाही, असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला दिली होती. बडोद्याचा आयोग हे न्यायालय नव्हते. त्याचे काम चौकशी करून मत देण्याचे होते. पण पुष्टी म्हणजे काय, हा प्रश्न त्यालाही टळला नाही.

रेसिडेन्सीचे नोकर हवेलीवर जात असत, याला गाडीवानांची साक्ष होती. त्यांना पैसे मिळत, याला रावजीचे दागिने साक्षी होते. हे पुरावे तिघा साथीदारांच्या बाहेरून आलेले असल्याने वजनदार ठरतात. परंतु ते सिद्ध काय करतात? महाराज रेसिडेन्सीतील बातम्या पैसे देऊन मिळवीत होते, एवढेच. दरबार आणि रेसिडेन्सी एकमेकांवर पाळत ठेवीत, ही त्या काळच्या संस्थानी राजकारणातील नित्याची बाब होती. आयोगापुढील आरोपांत नोकरांशी गुप्त संपर्क व लाचलुचपत हे वेगळे मुद्दे होते आणि विषप्रयोगाची चिथावणी हा वेगळा. पहिल्या मुद्द्यांचा पुरावा शेवटच्या मुद्द्याला उसना देता येतो काय, येथे मते फुटली.

पट्ट्यातील पुडी

विषाशी थेट जोडणारी वस्तू एकच होती. २५ डिसेंबर रोजी पोलीस अंमलदार अकबर अली याला रावजीच्या पट्ट्याच्या आतील कप्प्यात सोमलाची पुडी सापडली. एक पुडी तेथे राहून गेल्याचे विसरलो होतो, असे रावजीने सांगितले.

येथे घटनाक्रम निर्णायक ठरतो. पुडी आधी सापडली असती व कबुली नंतर आली असती, तर पुडीने कबुलीला आधार दिला असता. प्रत्यक्षात कबुली आधी झाली, पट्टा दरम्यान दुसऱ्या शिपायाकडे गेला होता, आणि पुडी सापडली ती कबुली घेणाऱ्या पोलीस पथकालाच. बॅलंटाइन यांनी याच जागी बोट ठेवले. पुडी पोलिसांनी ठेवली असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र ज्यांनी कबुली मिळविली त्यांच्याच हाती तिची पुष्टी सापडली, तर ती पुष्टी स्वतंत्र म्हणणे अवघड जाते.

हिऱ्याची पूड

गाळात चकाकणारे कणही होते आणि ते हिऱ्याच्या पुडीचे मानले गेले. हिऱ्याची पूड आतडी कापते ही समजूत जुनी आहे. शास्त्राच्या दृष्टीने हिरा हा रासायनिक विष नव्हे. तथापि पुरावा म्हणून त्याचे महत्त्व निराळे होते. सोमल कोणालाही मिळू शकतो, हिरा श्रीमंताच्या घरूनच येतो. म्हणून माग जवाहिऱ्यापर्यंत नेण्यात आला.

परंतु विषात सोमल, हिरा व तांबे असल्याची खबर फेअर यांना एका खबऱ्याकडून मिळाली होती आणि तपासणीत तांबे आढळले नाही. खबरीचा एक भाग खरा व एक खोटा निघाला, तर खरा भाग ज्ञानातून आला की बाजारगप्पेतून, हे विचारावेच लागते. हिरे पुरविल्याचे सांगणारा जवाहीर हेमचंद तर आयोगापुढे उलटला. आपला आधीचा जबाब पोलिसांच्या दबावाखाली घेतल्याचे त्याने सांगितले. त्यामुळे दामोदरपंतांच्या कथनाचा हा आधार लंगडा झाला. महाराजांच्या कागदपत्रांतही विषप्रयोगाची आज्ञा देणारा लेख मिळाला नाही.

गोव्याहून परतलेला बटलर

रावजीच्या सांगण्यानुसार पेद्रो डिसोझाही हवेलीवर गेला होता. गोव्याला जाताना प्रवासखर्चासाठी महाराजांचा हस्तक सालम याच्याकडून पैसे घेतल्याचे पेद्रोने मान्य केले; महाराजांना भेटल्याचे मात्र साफ नाकारले.

या साक्षीचे वैशिष्ट्य असे की ती साक्षीदाराच्या सोयीची नव्हती. पैसे घेतल्याची कबुली त्याची नोकरी घालविण्यास पुरेशी होती. स्वतःला अडचणीत आणणारी गोष्ट मान्य करणारा मनुष्य उरलेले खरे सांगतो, असा तर्क करता येतो. लहान दोष पत्करून मोठा टाळणारा मनुष्यही नेमके असेच वागतो. अशा साक्षीत माणसाच्या चेहऱ्यापेक्षा तारखा उपयोगी पडतात. पेद्रो बडोद्याबाहेर असतानाच्या दिवसांत त्याच्या नावे कोणती भेट सांगितली जाते काय, हे पडताळता येते. ‘रात्री हवेलीवर गेलो होतो’ या तारीख नसलेल्या विधानाला असा कस लावता येत नाही आणि साथीदारांची बरीच विधाने याच प्रकारची होती.

हेतू आणि तारखा

बदलीची मागणी करणारा खलिता २ नोव्हेंबरला गेलेला असताना मल्हारराव ९ तारखेला विष का घालवतील, हा बचावपक्षाचा प्रभावी प्रश्न होता. फेअर यांना खरोखर हलविण्यात आल्याने तो अधिकच पटतो. पण येथे सावध राहावे लागते. हलविण्याचा निर्णय ९ नोव्हेंबरनंतरचा आहे. त्या दिवशी खलित्याचे काय होणार, हे मल्हाररावांना ठाऊक नव्हते. नंतर घडलेल्या गोष्टीवरून आधीचे मन वाचणे ही इतिहासलेखनातील नेहमीची चूक आहे, मग ती आरोपीच्या बाजूने केलेली का असेना.

उलट बाजूलाही हेच माप लावावे लागते. नोव्हेंबरमध्ये जे नोकर गप्प होते ते डिसेंबरमध्ये बोलू लागले, तेव्हा ते पोलिसांच्या ताब्यात होते. आपण सर्व सांगून टाकले असल्याचे रावजीने नरसूला कळविले होते. तेव्हा दोघांच्या जबाबांतील मेळ कितपत स्वतंत्र, हा प्रश्न राहतो. दामोदरपंत बोलले तेव्हा मल्हारराव स्वतः कैदेत होते आणि बडोद्यात सत्ता बदललेली होती. भीतीने तोंड बंद होते तसे भीतीने उघडतेही. नरसूला माफीचे आमिष नव्हते, हा सरकारपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा होता आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

निर्णय आणि परिणाम

मार्चअखेर अहवाल सादर झाला. काउच, मीड व मेलव्हिल यांनी साक्षी एकमेकींना पूरक मानून आरोप सिद्ध धरला. शिंदे आणि दिनकरराव यांना विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला नाही असे वाटले. रामसिंह यांनीही मल्हाररावांना दोषी मानले नाही. या विभागणीला केवळ वर्ण कारण होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु साथीदारांच्या साक्षीची पुष्टी नेमक्या विषाच्या मुद्द्यावर हवी, हा संशयाचा आधार कायद्याच्या जाणकारालाही नाकारता येण्यासारखा नव्हता.

सरकारने या पेचातून वेगळी वाट काढली. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, ते विषप्रयोगासाठी नव्हे. गैरवर्तन, कुशासन आणि अपात्रता ही कारणे देण्यात आली. त्यांना मद्रासला धाडण्यात आले. २७ मे १८७५ रोजी खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील एका मुलाला दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव तिसरे म्हणून विख्यात झाले.

सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या तेजात हे प्रकरण मागे पडले. मल्हारराव वाईट राज्यकर्ते होते, म्हणून त्यांनी विषही घातले असेल, अशी सांगड आजही घातली जाते. ब्रिटिशांना गादी हवी होती, म्हणून सारेच बनावट असेल, ही सांगडही तितकीच सैल आहे. नोंदींतून खात्रीने निघते ते एवढेच : पेल्यात सोमल होता, रेसिडेन्सीचे नोकर हवेलीवरून पैसे घेत होते, आणि या दोन गोष्टींना जोडणारा दुवा मुख्यतः माफी मिळालेल्या वा कैदेत असलेल्या माणसांच्या शब्दांवर उभा होता. तेवढ्यावर एका माणसाला दोषी धरावे की नाही, याचे उत्तर सहा अनुभवी माणसांना एकमताने देता आले नाही.